हजेरीपटापायी गेलेली तेवीस वर्षं

महाराष्ट्रातल्या २९ महानगरपालिकांत नव्याने निवडून आलेल्या नगरसेवक-नगरसेविकांना,



हारतुरे झाले, मिरवणुका झाल्या, चौकाचौकांतले अभिनंदनाचे फ्लेक्स उतरले असतील किंवा उतरायला हवेत. महापौर कोण, सभागृहनेता कोण, स्थायी समितीवर कुणाची वर्णी लागली, हेही एव्हाना ठरलं असेल. आता उरतो तो कंटाळवाणा भाग, म्हणजे दर महिन्याची सर्वसाधारण सभा. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचं, दुखवट्याचे ठराव करायचे, प्रश्नोत्तरं उरकायची, मग प्रशासनाकडून आलेले विषय एकामागून एक घ्यायचे आणि शेवटी ऐनवेळचे विषय. टीव्हीवाले तोवर कॅमेरे गुंडाळून निघालेले असतात. हे पत्र त्या कंटाळवाण्या भागाविषयी आहे.

मी राहतो चेन्नईत, सौकारपेठेत. मूळ गाव खानापूर तालुक्यातलं. विटा, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगली, त्यातलं आमचं एक. वडील इथे आले, मी इथेच वाढलो. मतदान इथे, मालमत्ता कर इथे आणि पाहुणेरावळे सगळे सांगली-विट्याकडे. त्यामुळे पेपर दोन्हीकडचे वाचतो आणि दोन्हीकडच्या महापालिकांची तुलना केल्याशिवाय सकाळचा चहा गोड लागत नाही. माझा कुठल्याही पक्षाशी संबंध नाही. असता तर हे पत्र लिहायला वेळ मिळाला नसता.

१५ जानेवारी २०२६ च्या मतदानातून तुम्ही सारे आलात. २,८६९ जागा, २९ शहरं. त्याआधी या शहरांनी जो काळ काढला तो लोक आत्ताच विसरायला लागलेत, म्हणून आठवण करून देतो. मुंबईच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पुण्याची त्याच महिन्यात. कोल्हापूरची तर नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा असं करत करत शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कान धरला तेव्हा निवडणुका झाल्या. तोवर प्रशासकांचं राज्य. आयुक्त तेच, महासभा तेच, स्थायी समितीही तेच. प्रस्ताव मांडणारा जो, मंजुरी देणाराही तोच. मुंबईत रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सहा हजार कोटींच्या घरातली कामं याच काळात मंजूर झाली. ती बरी की वाईट हा मुद्दा बाजूला ठेवा. त्या कागदावर हात वर करून 'थांबा, हा आकडा कसा आला?' एवढं विचारणारा एकही माणूस त्या इमारतीत नव्हता, मुद्दा तो आहे.

तुम्हाला वाटत असेल की असलं संकट आपल्यावरच आलं. आमच्या शहराने तुमच्या कितीतरी पट सोसलंय. ते का, हे ऐकण्यासारखं आहे.

चेन्नईची महापालिका देशातली सगळ्यात जुनी. २९ सप्टेंबर १६८८ ला ती सुरू झाली. संभाजी महाराज तेव्हा हयात होते, इथून जवळच्या जिंजीत शिवछत्रपतींचे जावई हरजीराजे महाडिक मराठ्यांचा कारभार पाहत होते, आणि समुद्रकाठच्या फोर्ट सेंट जॉर्जमध्ये ईस्ट इंडिया कंपनी एक महापौर, बारा आल्डरमन आणि साठ बर्जेस अशी सभा बसवत होती. आल्डरमनांमध्ये इंग्रज होते, तसे फ्रेंच, पोर्तुगीज, ज्यू आणि इथले हिंदू व्यापारीही होते. हे सगळं लोकशाहीच्या प्रेमापोटी झालं असं समजू नका. लंडनला बसलेल्या कंपनीच्या जोशाया चाइल्ड साहेबांचा हिशेब साधा होता: आम्ही वरून बसवलेला छोटा कर लोक कुरकुरत देतील, पण त्यांच्याच माणसांनी बसवलेला मोठा करही मुकाट्याने देतील. सव्वातीनशे वर्षं झाली, महापालिकेकडे बघायची वरच्या सरकारांची नजर यापेक्षा फार बदलली आहे असं मला वाटत नाही. एप्रिल २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने मालमत्ता करवाढ जाहीर केली. सहाशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला निम्म्याने, मोठ्या घरांना दीडशे टक्क्यांपर्यंत. केंद्राच्या वित्त आयोगाच्या अटींकडे बोट दाखवलं गेलं. तो ठराव मात्र संमत करायचा कुणी? जेमतेम दोन महिन्यांपूर्वी निवडून आलेल्या नगरसेवकांनी. ठरवलं दिल्लीने आणि राज्याने, लोकांच्या शिव्या खाल्ल्या वॉर्डातल्या माणसाने. चाइल्ड साहेब खूश झाले असते.

पण मला सांगायचंय ते १९७३ बद्दल.

तोवर इथे महापालिका नांदती होती. महापौरपद १९३३ पासून पुन्हा सुरू झालं होतं, १९५७ मध्ये तारा चेरियन यांच्या रूपाने बाई महापौर झाली होती. महापालिकेच्या रिपन बिल्डिंगचं सभागृह भरलेलं असायचं. १९७३ मध्ये उघडकीला आला तो मस्टर घोटाळा. मस्टर म्हणजे रोजंदारीवरच्या कामगारांचा हजेरीपट. महापालिकेच्या सगळ्या कागदांत याच्याइतका नीरस कागद दुसरा नसेल. उभ्या रकान्यात नावं, आडव्यात तारखा, खाली मुकादमाची सही, महिनाअखेरीला बेरीज. कामावर नसलेल्या माणसांची नावं पटावर चढली की त्यांच्या नावाची मजुरी उचलली जाते, एवढी सोपी युक्ती. रक्कम एका ओळीला दोन-चार रुपये. पण ओळी किती आणि महिने किती, याचा विचार करा. शेवटी प्रकरण इतकं चिघळलं की करुणानिधींच्या सरकारने वर्षअखेरीला अख्खं सभागृहच बरखास्त केलं. ते सरकारही त्यांचंच आणि सभागृहावर वर्चस्वही त्यांच्याच पक्षाचं, हे विशेष.

काही महिन्यांची व्यवस्था म्हणून विशेष अधिकारी नेमला. ती व्यवस्था चालली १९९६ पर्यंत.

तेवीस वर्षं! १९७३ मध्ये जन्मलेलं पोर मतदार झालं, त्याचं लग्न जमायची वेळ आली, तरी त्याने आपल्या शहरात नगरसेवक नावाचा प्राणी पाहिलेला नव्हता. वडिलांच्या पिढीला काही काम पडलं तर एक आमदार, नाहीतर झोन ऑफिसातला कुणी ओळखीचा क्लार्क. गटार तुंबलं तर आमदाराकडे कोण जाणार? मग ते तुंबलेलंच राहायचं, किंवा गल्लीतले लोक वर्गणी काढून माणूस बोलवायचे. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती आली, पाच वर्षांत निवडणूक घेणं बंधनकारक झालं, तेव्हा कुठे १९९६ मध्ये निवडणूक झाली आणि करुणानिधींचे चिरंजीव एम. के. स्टालिन हे लोकांनी थेट निवडून दिलेले पहिले महापौर झाले. वडिलांच्या सरकारने कुलूप लावलं, मुलाने उघडलं. त्यावर इथे बोलताना लोक अजून मिश्कील हसतात.

घोटाळेबाजांची चौकशी करावी, त्यांना घरी बसवावं, हे बरोबरच. पण त्यासाठी तेवीस वर्षं सगळ्या शहराचं तोंड शिवून टाकायचं? हा निर्णय मला आजही पटत नाही. आणि तरी त्या वेळच्या सभासदांनाही मी सोडणार नाही. हजेरीपट काही लपवून ठेवलेला दस्तऐवज नव्हता. बिलं निघत होती, खर्चाचे आकडे कुठल्या ना कुठल्या समितीपुढे येत होते, लेखापरीक्षणाचे शेरे असतीलच. सभागृहात त्या वेळी मोठमोठ्या राजकारणाच्या गोष्टी होत असणार, भाषणं रंगत असणार. पटावरची नावं मोजायला कुणाला वेळ होता?

आमच्या धंद्यात सराफाच्या दुकानातली झाडलोट विकत घेतात. धूळ, केस, कागदाचे कपटे, सगळं भट्टीत घालून त्यातून सोनं काढायचं. ज्याला त्या केराची किंमत कळत नाही त्याने या धंद्यात पडू नये. विषयपत्रिकेच्या मधल्या पानांबद्दल मी तुम्हाला हेच सांगेन.

आता सभागृहात पडलेल्या दुसऱ्या खंडाची हकीकत, ती थोडक्यात. २०११ मध्ये शहराची हद्द १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ वर गेली, वॉर्ड १५५ चे २०० झाले. २०१६ मध्ये मुदत संपली. निवडणूक जाहीर झाली होती, ती मद्रास उच्च न्यायालयाने आरक्षणाच्या मुद्द्यावर रद्द केली. मग प्रभागरचना, मग आणखी काही, असं करत थेट १९ फेब्रुवारी २०२२ ला मतदान. मधल्या काळात २०१९ चा दुष्काळ झाला, तळी कोरडी पडून पाण्याचे टँकर पोलीस बंदोबस्तात आले. कोरोना झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये टी. नगरसारख्या भागात गुडघ्याच्या वर पाणी साचलं. अधिकाऱ्यांनी हातपाय हलवले नाहीत असं मी म्हणणार नाही. कोरोनात घरोघर फिरणारी माणसं महापालिकेचीच होती. पण पाणी ओसरल्यावर, 'इथे गटाराचं काम झालं होतं ना, मग त्याचा उतार उलटा का?' हे कुठे विचारायचं, याला उत्तर नव्हतं. डिसेंबर २०२३ च्या मिचौंग वादळात पुन्हा शहर बुडालं, तेव्हा निदान नगरसेवक होते. लोकांनी त्यांना रस्त्यात अडवून जाब विचारला. काहींना पळता भुई थोडी झाली. मला तेही सुधारल्याचंच लक्षण वाटलं. शिव्या घालायला तरी हक्काचा माणूस मिळाला.

तर अशी ही सभा आता महिन्याच्या महिन्याला रिपन बिल्डिंगमध्ये भरते. पांढरीशुभ्र इमारत, १९१३ ची, सेंट्रल स्टेशनच्या शेजारी. चेन्नईला आलात तर गाडीतून उतरल्या उतरल्या दिसेल. ज्या लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला त्याचं नाव तिला आहे. सुरुवातीला तमिळ ताई वाळ्त्तु हे राज्यगीत. महापौर झगा घालून, सोन्याची साखळी गळ्यात घेऊन वर बसलेल्या. २०२२ मध्ये आर. प्रिया महापौर झाल्या तेव्हा त्यांची तिशीही आली नव्हती, आणि या शहराच्या त्या पहिल्या दलित महिला महापौर. बोलायला उठणारा प्रत्येक सभासद आधी 'वणक्कत्तिर्कुरिय मेयर अवर्गळे', म्हणजे 'वंदनीय महापौर', असं म्हणतो. मग आपल्या नेत्याचं गुणगान. काही महाभाग यातच आपला निम्मा वेळ घालवतात, मग महापौरांना घंटा वाजवावी लागते, आणि सभासद म्हणतो की माझा मूळ प्रश्न तर अजून आलाच नाही. तुमच्याकडे हे होत नाही असं म्हणू नका, मी सांगलीला पाहिलंय.

प्रश्नोत्तराचा तास, त्यानंतर शून्य प्रहर. यात सगळं शहर येतं. अमुक रस्त्यावरचे दिवे दिवसा चालू आणि रात्री बंद. भटकी कुत्री. स्मशानभूमीतली गॅसदाहिनी बंद. शाळेच्या भिंतीला भेग. अम्मा उणवगममध्ये, म्हणजे महापालिकेच्या एक रुपयात इडली देणाऱ्या खानावळीत, भांडी फुटकी. आणि रस्ते खोदणं! कुठल्याही सभेत याच्याशिवाय पान हलत नाही. उत्तर अधिकारी देतात, आणि तमिळमध्येही 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' हे तितक्याच सफाईने म्हणता येतं.

एक उदाहरण जवळून सांगतो. आमच्या गल्लीसारख्या कुठल्याही जुन्या गल्लीत रस्त्यावर दोन तऱ्हेची झाकणं असतात. एक पावसाच्या पाण्याच्या नाल्याचं, ते महापालिकेचं. दुसरं मैलापाण्याच्या चेंबरचं, ते मेट्रोवॉटरचं. मेट्रोवॉटर हे १९७८ पासून वेगळं मंडळ आहे, त्यावर नगरसेवकांचा हुकूम चालत नाही. पाऊस पडला की दोन्ही पाणी एकमेकांत मिसळतं, मग नाल्यातून घाण वर येते. नगरसेवक सभेत उठून तक्रार करतो. महापालिकेचा इंजिनिअर म्हणतो, घाण त्यांची आहे. त्यांचा माणूस म्हणतो, तुमच्या नाल्याला उतार नाही. दोन झाकणांमध्ये अंतर असतं तीन-चार फूट, आणि या अंतरावर सभेचा अर्धा तास जातो. पिण्याचं पाणी, ड्रेनेज, बस, घरबांधणी, सगळी वेगवेगळी मंडळं. देशातल्या सगळ्यात जुन्या महापालिकेकडे तिच्या शहराचा नळ नाही.

तुमच्याकडे आहे. मुंबई-पुण्याच्या महापालिका धरणातून पाणी उचलून घरात आणून देतात, मैलापाणीही तेच खातं नाहीतर त्याच्या शेजारचं खातं बघतं. म्हणजे तुमच्या सभेत पाणीपुरवठ्याच्या टेंडरचा विषय येतो तेव्हा तो खराखुरा तुमचा असतो. इथल्या नगरसेवकाला ही चैन नाही. ती हातात असताना चर्चेविना विषय मंजूर केलात तर मग काय बोलावं? उलट एक गोष्ट इथे बरी आहे: एक वॉर्ड, एक नगरसेवक. तुमच्याकडे मुंबई सोडली तर चार-चारांचे प्रभाग. चौघांत मिळून जबाबदारी एकाचीही नाही, हे मी सांगायला नको. निदान सभेत कुणी काय विचारायचं हे चौघांनी वाटून घ्या, म्हणजे सगळे रस्त्याच्या डांबरावर बोलणार आणि शाळेवर कुणीच नाही असं व्हायचं नाही.

आता गेल्या वर्षीचा विषय. जून २०२५ मध्ये आमच्या महापालिकेत एक ठराव झाला. पंधरापैकी बहुतेक झोनमध्ये कचरा उचलण्याचं काम आधीच खासगी कंपन्यांकडे होतं. उरलेल्यांपैकी रायपुरम आणि तिरु-वि-क नगर हे दोन झोनही द्यायचे. विषयपत्रिकेतला एक विषय. सौकारपेठ रायपुरम झोनमध्ये येते, म्हणून मला याची झळ आधी लागली. १ ऑगस्टपासून झाडूवाले कामगार, त्यात बाया जास्त, रिपन बिल्डिंगच्या बाहेर फुटपाथवर येऊन बसले. वर्षानुवर्षं महापालिकेचं काम करून २३ हजारांच्या आसपास मिळत होतं, कंपनीत गेलं की सोळा-सतराच्या घरात येईल आणि कायम व्हायची आशा कायमची जाईल, असं त्यांचं म्हणणं. तेरा दिवस ऊन-पावसात बसले. आत पंख्याखाली ज्यांनी हात वर केले त्यांच्याच दारात. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, फुटपाथ मोकळा करायचा आदेश झाला, आणि १३ ऑगस्टच्या रात्री पोलिसांनी त्यांना उचलून बसमध्ये घातलं. दुसऱ्याच दिवशी सरकारने सफाई कामगारांसाठी मोफत न्याहारी आणि आणखी काही योजना जाहीर केल्या.

खासगीकरण बरं की वाईट यावर मी तुम्हाला शहाणपण शिकवणार नाही. आमच्या गल्लीतही यावर दोन तट आहेत. कंपनी आल्यावर कचरा वेळेवर जाईल म्हणणारेही भेटतात. मी फक्त दोन तारखा शेजारी शेजारी ठेवतो. ठराव जूनचा आणि माणसं रस्त्यावर आली ऑगस्टमध्ये. ज्या भांडणासाठी सभागृह बांधलेलं असतं ते भांडण सभागृहात, तो विषय पुकारला तेव्हा, आकडे समोर ठेवून व्हायला हवं होतं. पगार किती कमी होणार? कंत्राटात किती वर्षांची हमी? कचरा उचलला नाही तर दंड कुणाला आणि किती? महापौरांचा स्वतःचा वॉर्ड याच दोन झोनांपैकी एकात. हे प्रश्न तिथे नाही विचारले तर मग ते कोर्टात जातात, नाहीतर पोलीस व्हॅनमध्ये. सभेच्या बाहेर त्यांना तिसरी जागा नाही.

तुमच्या विषयपत्रिकेतही हे असेच येतील. 'घनकचरा व्यवस्थापनाच्या कामी नेमलेल्या ठेकेदारास मुदतवाढ देणेबाबत.' 'वाढीव खर्चास कार्योत्तर मान्यता मिळणेबाबत.' या 'कार्योत्तर' शब्दाखाली काय काय दडलेलं असतं ते जुन्या नगरसेवकांना विचारा. खर्च होऊन गेला, आता तुम्ही फक्त मान डोलवा. एखादा जड विषय नेमका शेवटी, ऐनवेळी येतो, दुपारचं जेवण लांबलेलं असतं, कुणीतरी ओरडतं 'मंजूर, मंजूर', आणि नगरसचिव लिहून घेतात 'सर्वानुमते'. त्या 'सर्वां'त तुमचं नाव आलं बरं का. तुम्ही त्या वेळी बाहेर फोनवर होतात हे कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून माझं मागणं फार नाही. विषयपत्रिका हातात पडली की मागची डॉकेटं वाचा, निदान आपल्या प्रभागाशी आणि पैशाशी संबंध असलेली. वाचून कळली नाहीत तर त्याच विषयावर प्रश्न लेखी द्या. तोंडी प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि दोन्ही हवेत विरतात. विरोध असेल तर मतदान मागा, आणि मतदान नको असेल तर विरोध नावानिशी नोंदवायला सांगा. मागच्या सभेचं इतिवृत्त 'वाचलेलं मानून' कायम करू नका, खरंच वाचा. आपण म्हणालो एक आणि तिथे लिहिलंय दुसरंच, असं सापडेल. एकटं पडायची भीती वाटेल. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा विषय आला. असल्या विषयाला कोण नाही म्हणतो? फुल्यांनी म्हटलं. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. विरोधात पडलेलं मत एकच, त्यांचं. बाकी एकतीसपैकी कुणाचं नाव तुम्हाला आठवतं का पाहा.

बायांसाठी एक वेगळं लिहितो. निम्म्या जागा तुमच्या आहेत, तुमच्याकडेही आणि इथेही. इथे सुरुवातीला काही वॉर्डांत नगरसेविकेचा नवराच कारभार हाकतो म्हणून बोंब झाली, थेट मुख्यमंत्र्यांना तंबी द्यावी लागली. तुमच्याकडचं मला ठाऊक आहे. विट्याकडे 'नगरसेविकेचे मालक' ही एक पदवीच आहे. सभागृहात मात्र मालकांना प्रवेश नाही. ती एकच जागा अशी आहे जिथे तुम्हालाच बोलावं लागतं आणि तुमचंच लिहून घेतलं जातं. डॉकेट घरी नेलंत तर ते आधी तुम्ही वाचा, मग द्या हवं तर.

आणि लोकांना बोलवा. तमिळनाडूत २०२२ पासून प्रत्येक वॉर्डात क्षेत्रसभा भरवायची पद्धत सुरू झाली, १ नोव्हेंबरला स्थानिक शासन दिन म्हणून त्या भरतात. सगळीकडे नीट चालतात असं नाही. काही ठिकाणी खुर्च्याच जास्त. पण एका क्षेत्रसभेत एका म्हाताऱ्या बाईंनी नगरसेवकाला विचारलं की आमच्या रस्त्याचं काम मंजूर झालं म्हणतोस, मग ते कितव्या सभेत आणि कितव्या क्रमांकाने? त्याला सांगता आलं नाही. पुढच्या सभेला तो चिठ्ठीवर आकडे लिहून आला. ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांना वॉर्ड समित्या सांगितल्या, त्या तुमच्याकडेही कागदावर आहेत. प्रभागातल्या एखाद्या शाळेत महिन्यातून एक संध्याकाळ बसा आणि येत्या सभेची विषयपत्रिका मोठ्याने वाचून दाखवा. पहिल्यांदा दहा माणसं येतील, त्यातली चार तुमचेच कार्यकर्ते.

पुढची गोष्ट मी सांगलीतल्या माझ्या बहिणीच्या भरवशावर लिहितो. तिच्या प्रभागातल्या नगरसेवकांना या पत्राची प्रत ती स्वतः नेऊन देणार आहे आणि पुढच्या सर्वसाधारण सभेला प्रेक्षक गॅलरीत बसणार आहे, बरोबर वही घेऊन. ती निवृत्त शिक्षिका आहे, हजेरी घेण्याची सवय सुटलेली नाही. बाकीच्या २८ शहरांतही अशा बाया आहेतच. त्यांना गॅलरीचा पास मागितल्यावर 'कशाला?' असं विचारू नका, एवढी नगरसचिवांना सूचना देऊन ठेवावी.

आपला,
एक गलाईवाला
सौकारपेठ, चेन्नई